रंग न चढलेले फूल

पांढऱ्या निशिगंधाची दांडी लाल शाई मिसळलेल्या पाण्यात उभी करून ठेवली, की काही तासांनी तिच्या पाकळ्यांवर बारीक लाल रेघा उमटू लागतात. बालमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी हा प्रयोग केला असेल. ज्यांनी केला नसेल त्यांनी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो मांडलेला पाहिला असेल. टेबलावर चार काचेचे पेले, पेल्यांत चार रंगांचे पाणी, त्यांत चार रंगलेली फुले, आणि मागे पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत उत्तर : 'केशाकर्षणामुळे रंगीत पाणी वर चढते.'

माझी तक्रार आहे ती या पुठ्ठ्याविषयी. फुलांविषयी मुळीच नाही. फुले रंगवण्याचा उद्योग मला मनापासून आवडतो. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री घाईघाईने उरकण्यापेक्षा तो एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी, आईबाबा, आजीआजोबा आणि धाकटी भावंडे अशा सगळ्यांनी मिळून करावा, असे माझे मत आहे. तक्रार आहे ती उत्तर आधी लिहून ठेवायचे आणि फूल मागाहून पाण्यात ठेवायचे, या पद्धतीविषयी. पण वादाला बसण्यापूर्वी फूल तर रंगवून घेऊ.

फूल पांढरेच का घ्यायचे? पांढऱ्या पाकळीत 'पांढरा रंग' नावाचे काही द्रव्य नसते. तिच्या पेशींच्या मधल्या फटींत हवा असते, आणि पेशी व हवा यांच्या सीमेवर प्रकाश पुनःपुन्हा वळून सगळीकडे विखुरला जातो, म्हणून ती पांढरी दिसते. खात्री करून घ्यायची असेल तर निशिगंधाची एक पाकळी दोन बोटांच्या चिमटीत हलकेच चुरडा. फटींतली हवा निघून जाते आणि पाकळीचा तेवढा भाग ओल्या कागदासारखा पारदर्शक होतो. अशा कोऱ्या पाकळीवर वरून आलेला कोणताही रंग स्वच्छ उठून दिसतो. पिवळ्या शेवंतीवर निळा रंग चढवाल तर ती हिरवट दिसेल. तेही एकदा करून पाहायला हरकत नाही.

निशिगंध (ज्याला आपल्याकडे गुलछडीही म्हणतात), पांढरी शेवंती, जरबेरा, कार्नेशन, पांढरा गुलाब, ही फुले या कामाला चांगली. तगर आणि चाफा मात्र नकोत. त्यांची डहाळी तोडली की पांढरा चीक वाहू लागतो आणि कापलेल्या तोंडावर साकळून पाण्याची वाटच बंद करतो. दांडी कापताना मोठ्या माणसाला हाताशी घ्या, आणि शक्य असेल तर दांडीचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून पाण्याखालीच कापा. हवेत कापलेल्या दांडीच्या नळ्यांत हवा शिरते, आणि एकदा शिरली की पाण्याची वाट अडते. अनेक फुले आणल्या दिवशीच माना टाकतात त्याचे एक कारण हेच. तिरपा काप द्यावा असे सगळे सांगतात. त्याचा मुख्य उपयोग इतकाच, की दांडीचे तोंड पेल्याच्या तळाला चपखल बसून बुजत नाही.

रंग खायचा घ्यावा, म्हणजे घरात लहान मूल असले तरी काळजी कमी. अर्धा पेला पाण्यात पाव चमचा पूड घालून पाणी चांगले गडद करा. फिकट पाण्यात फूलही फिकटच राहते. पेला कोमट, वारा खेळत्या जागी ठेवा, आणि मग धीर धरा. दोन-तीन तासांत पहिल्या रेघा दिसू लागतील. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रंग बऱ्यापैकी भरतो.

इथे घरातले कोणीतरी हमखास म्हणणार, "अगं, बाजारचा रंग कशाला? घरात हळद आहे की!" अवश्य घाला. एक पेला हळदीचा ठेवाच. पाणी पिवळेजर्द होईल, पण फूल पांढरेच राहील. हळदीतले पिवळे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तिचे कण नुसते तरंगत असतात, आणि थोड्या वेळाने तळाशी बसतात. कपड्यांच्या निळीची पूड घातलीत तरी हीच गत. पाण्याला रंग येणे आणि रंग पाण्यात विरघळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे हळदीचा पेला तासभर पाहिला की जितके पक्के कळते तितके धड्यातल्या व्याख्येने कळत नाही.

आणखी एक गंमत आहे. पाण्यात उत्तम विरघळणारे सगळेच रंग वर जातात असेही नाही. झाडातल्या ज्या नळ्यांतून पाणी जाते, त्या जलवाहिन्यांच्या भिंतींवर ऋण विद्युतभार असतो. खायच्या रंगांचे आणि लाल शाईत वापरल्या जाणाऱ्या इओसिनचे रेणूही पाण्यात ऋणभारितच असतात, म्हणून ते भिंतीला न चिकटता पाण्याबरोबर वर सरकतात. उलट शाळेच्या प्रयोगशाळेतला मेथिलीन ब्लू धनभारित असतो. तो भिंतींना चिकटून खालच्या बाजूलाच अडकू लागतो. तुमच्या शिक्षकांच्या परवानगीने एक फूल त्यात आणि एक निळ्या खाद्यरंगात ठेवून पाहा. दोन्ही निळेच, पण वागणे निराळे.

पावसाळा असेल तर निशिगंधापेक्षाही तेरडा घ्या, असे मी सुचवीन. श्रावण-भाद्रपदात तो कोकणात आणि घाटात वाटेच्या कडेने माजलेला असतो, आणि गौरीच्या निमित्ताने पुष्कळ घरांत येतोही. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणून आपण त्याला नावे ठेवतो, पण वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला तेरड्यासारखा मित्र नाही. त्याचे खोड इतके रसदार आणि अर्धपारदर्शक असते, की लाल पाणी आतून वर सरकताना बाहेरून डोळ्यांना दिसते. निशिगंधात आपल्याला फक्त सुरुवात आणि शेवट दिसतो. तेरड्यात मधला प्रवासही दिसतो. खोडावर दर दहा मिनिटांनी शाईच्या पेनाने रंग पोचला तिथे खूण करत जा. धाकट्या भावाला घड्याळ पाहायला बसवा. आजीला वहीत वेळ लिहायला सांगा. मग खोड आडवे कापून चकती पाहा. लाल ठिपके सगळ्या चकतीभर पसरलेले नसतात, ठराविक जागीच असतात. तेच जलवाहिन्यांचे जुडगे.

आता पुठ्ठ्याकडे वळू.

विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला अधूनमधून येतो. अशाच एका प्रदर्शनात सातवीतल्या एका मुलीने ही रंगीत फुले मांडली होती. चार पेले, चार रंग, मागे केशाकर्षणाचा तक्ता, सगळे नेहमीचेच. पण टेबलावरून लोंबणाऱ्या चादरीमागून आणखी एका पेल्याची कड दिसत होती. मी वाकून पाहिले. निळ्या पाण्यात शेवंतीचे एक फूल, जवळजवळ पांढरेशुभ्र.

"हे का खाली?" मी विचारले.

"ते फसलंय, सर," ती हळूच म्हणाली. "रंगच नाही चढला. म्हणून बाईंनी खाली ठेवायला सांगितलं."

"बाकीच्यांसारखंच ठेवलं होतंस ना?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "हो. फक्त याच्यावर आईने रात्री प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. सकाळी रिक्षातून आणताना खराब होऊ नये म्हणून."

मित्रांनो, त्या खोलीतला सगळ्यांत मोलाचा पेला टेबलाखाली होता. तिच्या आईने नकळत एक फार सुंदर प्रयोग करून ठेवला होता. पाणी तेच, रंग तोच, दांडी तशीच, दांडीतल्या नळ्या तशाच. बदलली होती ती एकच गोष्ट : फुलाभोवतीची हवा. केशाकर्षण नळीच्या बारीकपणावर अवलंबून असते, आणि पिशवीने नळी काही जाड होत नाही. मग रंग का अडला? त्या एका पांढऱ्या फुलाने मागच्या पुठ्ठ्यावरचे वाक्य संशयात आणले होते, आणि आपण काय केले, तर फूल लपवले आणि वाक्य तसेच ठेवले!

केशाकर्षण खोटे आहे असे मी म्हणत नाही. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते. नळी जितकी बारीक तितके पाणी उंच. एक मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका व्यास असलेल्या स्वच्छ काचनळीत ते सुमारे ६० सेंटिमीटर चढेल, असे गणित सांगते. फुलांच्या दांड्यांतल्या जलवाहिन्या साधारण याच मापाच्या आसपास असतात, आणि दांडी असते फूटभर. म्हणजे उंचीचा हिशेब तर बरोबर जुळतो, असे तुम्ही म्हणाल. तक्ते लिहिणारेही हेच म्हणतात. पण दोन अडचणी आहेत. पहिली, केशाकर्षणाने पाणी चढायला नळी रिकामी असावी लागते, आणि ताज्या दांडीतल्या जलवाहिन्या आधीच पाण्याने भरलेल्या असतात. भरलेल्या नळीत आणखी काय चढणार? दुसरी, केशाकर्षणाने चढलेले पाणी आपल्या उंचीला पोचले की थांबते. तुमच्या पेल्यातले पाणी मात्र थांबत नाही. ते रोज कमी होत जाते.

देवघरातली समई आठवा. वातीच्या धाग्यांतून तेल वर चढते ते केशाकर्षणानेच. पण वात पेटवलेली नसेल तर तेल टोकापर्यंत जाऊन तिथेच राहते. समई रात्रभर विझलेली ठेवा, तेल जवळपास तितकेच राहील. ज्योत पेटली की टोकावरचे तेल जळते, त्याची जागा घ्यायला खालचे वर येते, आणि सकाळपर्यंत समई रिकामी होते. वाट धाग्यांनी दिली, पण तेलाला चालते ठेवले ज्योतीने.

फुलाच्या दांडीत ज्योतीचे काम करते ती हवा. पाकळ्यांतून आणि विशेषतः पानांच्या पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. यालाच बाष्पोच्छ्वास म्हणतात. पानातल्या पेशींच्या भिंती अतिसूक्ष्म तंतूंच्या विणलेल्या असतात, आणि त्या तंतूंमधल्या फटी जलवाहिनीच्या हजारो पटींनी बारीक असतात. भिंतीवरचे थोडे पाणी उडून गेले, की या फटींतला पाण्याचा पृष्ठभाग आत ओढला जातो आणि मागच्या पाण्याला खेचतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे ही ओढ एका रेणूकडून दुसऱ्याकडे अशी थेट दांडीच्या तळापर्यंत पोचते. विहिरीवर उभे राहून दोर ओढला की खाली पोहरा हलतो, तसे. म्हणजे पाहा, बारीक फटींची करामत इथेही आहेच, पण ती दांडीच्या नळीत नसून वर, पानापाकळीत आहे. आणि ती चालू राहते ती केवळ पाणी उडून जात असते म्हणून. पिशवीच्या आत हवा दमट झाली, पाणी उडायचे मंदावले, ओढ सैल पडली, रंग अडला.

फूटभर दांडीपुरते हे सगळे बारकावे तुम्हाला काथ्याकूट वाटतील. म्हणून नारळाचे झाड घ्या. २० मीटर उंच नारळाच्या शेंड्याला नुसत्या केशाकर्षणाने पाणी पोचवायचे तर नळीचा व्यास सुमारे दीड सहस्रांश मिलिमीटर हवा. झाडातल्या जलवाहिन्या त्याहून कितीतरी रुंद असतात. कॅलिफोर्नियातले रेडवुड वृक्ष तर ११५ मीटरांपर्यंत वाढलेले आहेत. तिथे पुठ्ठ्यावरचे वाक्य अगदीच तोकडे पडते.

हा प्रश्न काही सहजासहजी सुटलेला नाही. इंग्लंडमधले स्टीफन हेल्स हे खरे तर धर्मोपदेशक, पण १७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी कुंडीतले एक सूर्यफूल सकाळ-संध्याकाळ तराजूत तोलले. कुंडीचे तोंड झाकून, म्हणजे मातीतून पाणी उडणार नाही अशी तजवीज करून. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी सव्वा पौंड, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी हवेत सोडत होते. १७२७ साली त्यांनी हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. थोड्याच वर्षांनी, १७३३ मध्ये, फ्रान्समध्ये द ला बेस यांनी फायटोलाका नावाच्या झुडपाच्या फळांचा लाल रस फुलझाडांच्या कापलेल्या दांड्यांना पाजून रस कोणत्या वाटेने जातो ते पाहिले. म्हणजे तुमचा लाल पाण्याचा पेला जवळजवळ तीनशे वर्षांचा जुना आहे, आणि तो शोभेसाठी भरलेला नव्हता. प्रश्न विचारण्यासाठी भरलेला होता.

त्यातला सर्वांत धाडसी पेला जर्मनीतल्या स्ट्रासबुर्गर यांचा. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी वीस मीटरांहून उंच ओकचे झाडच बुंध्याशी कापले आणि त्याचे तोंड आधी पिक्रिक आम्लाच्या द्रावणात आणि मग रंगीत द्रावणात ठेवले. आम्लाने वाटेतल्या जिवंत पेशी मरून गेल्या, तरी मागून रंगीत द्रावण वर चढतच राहिले. तेव्हा पाणी चढवणारा पंप खोडातल्या जिवंत पेशींत नाही, हे दिसले. त्यानंतर १८९४ साली डब्लिनमध्ये डिक्सन आणि जोली यांनी वरून खेचल्या जाणाऱ्या पाण्याच्या अखंड दोराची कल्पना मांडली.

आपले जगदीशचंद्र बोस यांना मात्र हे पटले नाही. खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या आकुंचन-प्रसरण पावून रस वर ढकलतात, असे त्यांचे मत होते, आणि १९२३ साली त्यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. विद्युतलहरींवरचे आणि वनस्पतींच्या संवेदनांवरचे त्यांचे काम मोठेच आहे, पण रस चढण्याचे त्यांचे हे स्पष्टीकरण पुढच्या प्रयोगांत टिकले नाही. यात बोसांचा मोठेपणा कमी होतो असे मला वाटत नाही. मोठ्या माणसाचे वाक्यही पेल्यात उभे करून पाहावे लागते, एवढेच. पुढे १९६५ मध्ये शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांतल्या पाण्यावरचा ताण प्रत्यक्ष मोजला. उंच झाडांच्या शेंड्याकडच्या डहाळ्या मिळवायला त्यांनी चक्क बंदुकीने नेम धरून त्या पाडल्या. वर जावे तसा ताण वाढत जातो, असे त्यांना आढळले.

तुम्हाला बंदूक लागणार नाही. घरच्या घरी असे करा. एकाच जुडीतल्या, सारख्या लांबीच्या निशिगंधाच्या तीन दांड्या घ्या. तिन्ही पाण्याखाली कापा आणि एकाच रंगाच्या पाण्यात तीन सारख्या बाटल्यांत ठेवा. पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडा, म्हणजे पाणी बाटलीतून परस्पर उडणार नाही. एका दांडीच्या फुलांवर प्लॅस्टिकची पिशवी सैलसर घालून दोऱ्याने बांधा. दुसरी तशीच खोलीत ठेवा. तिसरी पंख्याखाली ठेवा. बाटलीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून दर दोन तासांनी पाण्याच्या पातळीची खूण करा, आणि प्रत्येक वेळी कोणत्या कळीपर्यंत रंग पोचला तेही लिहा. पिशवीतल्या फुलावर रंग अजिबातच चढणार नाही, असे समजू नका. पिशवीतली हवा दमट व्हायला वेळ लागतो, आणि दांडी आधीच तहानलेली असेल तर ती थोडे पाणी घेणारच. किती घेते ते तुमची पट्टी सांगेल. ती जे सांगेल ते लिहा, माझ्या लेखाशी जुळो वा न जुळो.

हे करायला घर का बरे, शाळा का नाही? शाळेत तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. फुलाला लागतात सात-आठ तास. शाळेत पेला ठेवून घरी जावे लागते, आणि मधले सगळे हुकते. घरी जाता-येता नजर पडते. शिवाय घरातल्या माणसांना फुलांविषयी पुष्कळ माहिती असते, फक्त तिला विज्ञान म्हणायची आपल्याला सवय नसते. गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून का ठेवतात, ते आजीला विचारा. हारवाला फुले केळीच्या पानात का बांधतो, ते त्याला विचारा. 'वारा लागू नये म्हणून' असे उत्तर मिळेल, आणि पिशवीतल्या शेवंतीची गोष्टही तीच आहे. आजीने ती तुमच्या प्रयोगाआधी कित्येक वर्षे ओळखलेली असते.

काही मोठ्या माणसांना फुले रंगवणेच पसंत नसते. देवाने दिलेल्या फुलाला आपण का रंगवावे, असे ते म्हणतात. देवपूजेसाठी रंगवलेले फूल नको, हे मला मान्य आहे. ते केसांतही माळू नये. घामाने रंग उतरतो. पण फुलदाणीत ठेवून ते पाहण्यात मला काही वावगे दिसत नाही. मला खटकते ती बाजारातली लबाडी. शाईसारखा गडद निळा गुलाब 'निळ्या जातीचा' म्हणून विकला जात असेल तर तो रंगवलेलाच असतो. गुलाबाच्या पाकळ्यांत तो निळा रंग देणारे द्रव्य निसर्गतः तयारच होत नाही. जपानमध्ये जनुके बदलून तयार केलेला 'निळा' गुलाब २००९ साली बाजारात आला, तोही प्रत्यक्षात फिकट जांभळाच दिसतो. हारांतली हिरवी-निळी शेवंती तर तुम्ही पाहिलेलीच आहे. ती दांडीतून रंगवली की वरून रंगात बुडवली, हे आता तुम्ही ओळखू शकाल. बुडवलेल्या फुलावर रंग सगळीकडे सारखा बसतो, पाकळ्यांखालच्या हिरव्या भागावरसुद्धा. दांडीतून आलेला रंग आधी शिरांतून जातो, म्हणून शिरांची जाळी गडद दिसते.

आता एक विनंती, आणि ती तुमच्यापेक्षा तुमच्या शिक्षकांना आणि माझ्यासारख्या परीक्षकांना आहे. तुम्ही हा लेख त्यांना दाखवलात तरी चालेल. फुलांचा प्रयोग मांडणाऱ्या प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारावा : 'रंग न चढलेले फूल कुठे आहे?' चार रंगांची चार फुले ही एकाच गोष्टीची चार चित्रे झाली. एक रंगलेले आणि एक न रंगलेले फूल शेजारी ठेवले, आणि दोघांत नेमका कोणता फरक केला होता ते खाली लिहिले, की तिथे प्रयोग सुरू होतो. तक्ता लिहायचाच असेल तर तो शेवटी लिहावा. पहिल्या दिवशी पुठ्ठा कोरा ठेवायला काय हरकत आहे? प्रदर्शन पाहायला येणाऱ्यांना कोरा पुठ्ठा विचित्र वाटेल, हे खरे. पण तो पाहून तरी कोणी विचारील.

मलाही अजून विचारावेसे वाटणारे प्रश्न आहेत. दांडीवरची पाने काढून टाकली तर फुलाला जास्त रंग मिळतो की कमी? पाने काढली की ओढ कमी होते, पण मधेच रंग पळवणारेही कमी होतात. यात कोणाची सरशी होईल, ते निशिगंधात एक आणि गुलाबात दुसरे असू शकेल. दांडी खालून उभी चिरून एक फाक लाल पाण्यात आणि दुसरी निळ्या पाण्यात ठेवली, तर काही फुले अर्धी लाल, अर्धी निळी होतात. कोणत्या फुलात सीमा स्पष्ट राहते आणि कोणत्यात रंग मिसळतात? जलवाहिन्या एकमेकींना वाटेत जोडलेल्या आहेत की नाहीत, ते त्यावरून कळेल. आणि हे तर नक्की पाहा : दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंग पाकळीच्या मध्यापेक्षा कडेला जास्त गडद दिसू लागतो. पाणी उडून गेले, रंग उडू शकत नाही. तो जिथे साचला आहे तिथपर्यंत पाणी आले होते. पिशवीतल्या फुलाच्या कडाही तशाच गडद होतात का, ते भिंगातून पाहा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा.